शिंपीणबाईंचा नियम

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. हाताला जरासं लागलंय, पण इंजेक्शनं झाली.

आमचं हे प्राण्यांचं आश्रयघर तीस वर्षांपूर्वी एका शिंपीणबाईंनी सुरू केलं. गाडीचा लंगडा घोडा मारायला नेत होते, तो त्यांनी मागून घेतला आणि परसात ठेवला. तो त्यांना वर्षभर जवळ येऊ देईना. तेव्हापासून इथला नियम एकच: जनावर आपणहून येईपर्यंत हात लावायचा नाही.

आणि मी दीडशहाणी! मार खाऊन आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कुरवाळायला गेले. चावला.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, तो आधी गुरगुरला होता. तूच ऐकलं नाहीस."

मग रोज दुपारी त्याच्याकडे पाठ करून बसत राहिले. काल, अकराव्या दिवशी, त्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकवली. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा अजून माझं नाव काढत नसेल, तर त्याला गळ घालू नकोस. मी न सांगता निघून आले, त्याचा राग खरा आहे. त्याला वाटेल तेव्हा लिहू दे. मी इथेच आहे.

तुझीच,
धाकटी