मटार सोलणारा इन्स्पेक्टर

लोणावळा, शनिवार, हिवाळा १९७७

आज शेजारच्या मावशींकडे टीव्हीवर ती पोलिसांची मालिका पाहिली. त्यातला इन्स्पेक्टर मारामारी करत नाही. घरी येऊन बायकोबरोबर मटार सोलतो, दिवसभरातलं सगळं तिला सांगतो. आम्ही सगळ्या बायका त्या मटारांसाठीच बघतो की काय! आमचे हवालदार घरी आले की गप्प. आज मी हट्टानं विचारलं, "अहो, काय झालं, सांगा ना."

बूट काढत म्हणाले, "घाटात ट्रक उलटला. क्लीनर माझा हात धरून हुता. 'आईला सांगू नका' म्हनला, अन् गेला. कार्ल्याला जाऊन मलाच सांगावं लागलं तिला."

मग न जेवताच झोपले. नुसतं ऐकूनच मी गळून गेले आहे. उद्या पुन्हा विचारायचं बळ आहे का माझ्यात? पण मी नाही विचारलं, तर हे सांगणार कुणाला?