फ्री-लान्स रायटर, मुक्काम मोहाडी

३ सप्टेंबर १९७८, तान्हा पोळा
निर्णय झाला. आजपासून मी फ्री-लान्स रायटर. नागपूरच्या पेपरच्या रविवार पुरवणीत लेख आला होता, 'घरबसल्या लेखन करा, चार पैसे कमवा'. घर आहे. बसतो तर मी पहिल्यापासूनच. राहिले फक्त लेखन.

बाहेर पोरे लाकडी बैल ओढत होती, त्याच गलबल्यात थोरल्या भावाला, मोतीलालदादांना सांगून टाकले. दादा आमचे साड्यांचे दुकान चालवतात. मी तिथे मदत करतो. दादांच्या मते नुसती गादी गरम करतो. ते म्हणाले, "लिव ना बापा, कोण नाई म्हणते? पण मंडईपावतर. तोवर काई जमलं नाई तं सायकलवर गठ्ठा बांधायचा अन् बाजार करायचे." म्हणजे गावोगावच्या आठवडी बाजारात साड्या विकत फिरायचे. बी.ए. झालेल्या माणसाने! मी हसून हो म्हटले. मंडई, म्हणजे आमच्याकडची गावोगावची जत्रा, दिवाळीनंतर. तोवर मी कुठल्या कुठे असेन.

४ सप्टेंबर
नियम: पहाटे उठून दोन तास लिहायचे. आज आठला उठलो. उद्यापासून.

९ सप्टेंबर
टोपणनाव ठरवण्यात आठवडा गेला, पण पाया पक्का हवा. 'वैनगंगातनय' नक्की. विमलाने विचारले, तनय म्हणजे काय. सांगितले, मुलगा. म्हणाली, "सासूबाईले विचारलं का?" माझ्या बायकोला साहित्याचे अंग नाही.

१३ सप्टेंबर
भंडाऱ्याहून रबरी शिक्का करून आणला. 'वैनगंगातनय, फ्री-लान्स रायटर, मोहाडी'. दिवसभर मारून पाहिला. फार सुबक उमटतो. एका पांढऱ्या लुगड्यावरही उमटला.

१८ सप्टेंबर
पहिली कथा पूर्ण! शिमल्यात घडते. नायक कर्नल, नायिका पियानो वाजवते. विमला म्हणाली, "तुमी शिमला कधी पाह्यलं जी? आपल्या मोहाडीचं काहून नाई लिवत?" मोहाडीत काय आहे? धान, धानाचे बांध आणि तहसील. कथा पुण्याच्या मासिकाला रवाना. रिवाजाप्रमाणे आत परतीचे तिकीट लावलेले पाकीट ठेवले.

३० सप्टेंबर
साभार परत.
शांतपणे विचार केला. संपादकापुढे तिकीट लावलेले, पत्ता लिहिलेले पाकीट आयते आले, तर कोणाचाही हात जाईल. चूक माझीच. यापुढे परतीचे पाकीट बंद.

१६ ऑक्टोबर
पद्धत अचूक निघाली. या पंधरवड्यात पाच ठिकाणी कथा पाठवल्या, आत पाकीट नाही. एकही परत आली नाही. म्हणजे पाचही स्वीकारल्या! दादांना सांगितले. त्यांनी लगेच विचारले, छापून कधी येणार? व्यापारी माणूस. कुठेही गेला तरी डिलिव्हरीच विचारणार.

१९ ऑक्टोबर
फार मोठी बातमी. बपेऱ्याहून मामाजी, म्हणजे विमलाचे वडील, स्वतः आले. तिथल्या नाटक मंडळाला यंदाच्या मंडईसाठी नाटक हवे आहे आणि ते मीच लिहावे, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. भाऊबीज झाली की मंडई, लेकीजावयांनी घरे भरलेली, रात्रभर नाटक. एवढ्या गर्दीपुढे माझी लेखणी!

मामाजींना विचारले, माझे लेखन कुठे वाचनात आले? ते म्हणाले, "वाचाले कायले पायजे जी? तुमी आमचेच ना." केवढा हा विश्वास. विमला तोंडाला पदर लावून आत पळाली. आनंदाने असेल.

संध्याकाळी भर गिऱ्हाइकांत दादांना जाहीर सांगितले, दिवाळीनंतर मी दुकानात बसणार नाही, गठ्ठ्याला दुसरा माणूस बघा. मग एक बाई म्हणाली की काठ जरा बारीक वाटतो.

२६ ऑक्टोबर, बपेरा
नाटकाचे नाव 'पाच चितांचा उजेड'. पाच अंक, पाच मरणे. तालमीत जरा अडचण आली. पहिल्या अंकात मरणाऱ्याची आई काठी घेऊन आली, "दिवारीच्या तोंडावर माहा पोरगा मरणार नाई, सांगून ठेवतो." तिचे पाहून बाकीच्यांच्या घरचेही आले. चार मरणे कापावी लागली. नाव तेच ठेवले.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, पाचवेही कापून टाका. इथे मी ठाम राहिलो. हिरो मेलाच पाहिजे, नाहीतर शोकांतिका कसली? हिरो गोमाजी. धान कापायचे सोडून तालमीला येतो. मरायला तो एका पायावर तयार आहे, कारण मरण्याआधीचे भाषण दोन पानी आहे.

२ नोव्हेंबर, भाऊबीज
गोमाजीची थोरली बहीण शकुनबाई सासरहून आली. त्याला ओवाळून थेट माझ्याकडे. "भाऊजी, माहा भाऊ नाटकात काय करते?" म्हटले, शेवटच्या अंकात त्याचे फार मोठे काम आहे. जास्त बोललो नाही. लेखकाने शेवट फोडू नये.

५ नोव्हेंबर, सकाळ
नाटक झाले. विसरायच्या आत लिहून ठेवतो.

चार अंक बरे गेले. विनोदी प्रवेशाला लोक गप्प होते आणि गंभीर प्रवेशाला हसले, पण रिस्पॉन्स होता. पाचव्या अंकात व्हिलनने सुरा मारला. गोमाजी भाषण पूर्ण करून पडला. सगळा मांडव स्टेजकडे डोळे लावून होता. मला भरून आले. लिहिताना आले नव्हते, आता आले.

तेवढ्यात बायकांमधून शकुनबाई उठली. वाट काढत स्टेजपाशी आली आणि कडाडली, "परवा ओवाळलं ना रे तुले? मी इथं बसली आहो, अन् तू काहून मरून राहिला? उठ!" गोमाजीने एक डोळा उघडून विंगेत माझ्याकडे पाहिले. मी खूण केली, पडून राहा. मग त्याने बहिणीकडे पाहिले. मग उठला. छातीवरचा सुरा व्हिलनला परत दिला, खाली उतरला आणि तिच्या पाया पडला.

मांडव कोसळतो की काय असे वाटले. शिट्ट्या, टाळ्या, बायका डोळे पुसताहेत. वन्समोअर आला. गोमाजी पुन्हा मेला, शकुनबाईने पुन्हा उठवले. तिसऱ्यांदा ती स्टेजवरच जाऊन उभी राहिली होती.

शेवटी माझा सत्कार, शाल आणि नारळ. माइकवर म्हणाले, "बपेऱ्याचे जावई, चंद्रभानजी!" लेखक म्हणायचे घाईत राहून गेले.

५ नोव्हेंबर, दुपार
सेक्रेटरींना पुढच्या वर्षीचे विचारायला गेलो. तीन नाटकांची नावे मनात तयार होती. ते चकित झाले. "पुढल्या साली तुमी कायले? पुढल्या साली गोंदियाच्या जावयाचा नंबर." मंडळाची पद्धत आहे म्हणे. दर मंडईला गावच्या एका जावयाला नाटकात काहीतरी मान द्यायचा. मागच्या साली साकोलीच्या जावयाने पडदा ओढला. त्याआधीच्या एकाने पेटी वाजवली. "तुमाले ना पेटी येते, ना पडदा. तं मामाजी म्हणले, आमचे जावई लिवते काईतरी."

विमलाला विचारले, तुला हे माहीत होते? होते. मग सांगितले का नाहीस? म्हणाली, "तुमी इतके खूस होते. मले पाहून बरं वाटे."
तिच्यावर रागावणार होतो, जमले नाही. वाईट मात्र वाटले, फार.

७ नोव्हेंबर, मोहाडी
दादांनी 'कसं झालं नाटक' एवढेही विचारले नाही. गठ्ठा स्वतः बांधून दिला, दोरीला दुहेरी गाठ मारली. चार शब्द ऐकवले असते तर मला उलट बोलता आले असते.
हे तात्पुरते आहे. लेखकाला जीवनाचा अनुभव लागतो.

१६ नोव्हेंबर, कारध्याच्या बाजाराहून परत
सकाळपासून एक लुगडे खपले नव्हते. ओरडायला मला लाज वाटते, आणि न ओरडता कोणी थांबत नाही. दुपारी एक बाई थांबली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "बपेऱ्याच्या मंडईले शाल भेटली ते जावई तुमीच ना जी?" म्हटले, मीच. "नाटक लय लांबलं. पण तो मेलेला भाऊ बहिणीसाठी उठते ना, तिथं मी लय रडली. कोणं लिवलं ते?"

मी आजूबाजूला पाहिले. बपेऱ्याचे कोणी दिसत नव्हते.
"मीच," म्हणालो.

तिने हाक मारून आणखी बायका गोळा केल्या. त्यांना मी तो प्रवेश करून दाखवला. मेलो, उठलो. रस्त्यावर, गठ्ठ्याशेजारी. दोघी रडल्या. प्रत्येकीने लुगडे घेतले, एकीने भावजयीसाठीही. चारच्या आत गठ्ठा रिकामा.

घरी आल्यावर दादांनी रिकाम्या सायकलकडे पाहिले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. खरे सांगायचे तर मला फार बरे वाटले.

पुढच्या बाजारापासून दोन गठ्ठे न्यायचे आहेत.