पोरगी स्टुडिओत नाय

तीर्थरूप आप्पा,

डोंगरावरून दीपमालाचा नमस्कार. फोनवर तुम्ही बोलू देत नाय, म्हणून लिहिते.

धाकट्या मेघानं सांगितलं, मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही म्हणालात, पोरगी फोटो स्टुडिओत आहे. का? मुलगा कमी शिकलेला, बिचकेल म्हणून?

परवा मी इथल्या मोठ्या दुर्बिणीला नवा सीसीडी कॅमेरा बसवला. तो बर्फाहून लई थंड ठेवावा लागतो, तेव्हा कुठं अंधुक तारे टिपतो. लग्नाचे फोटो नाय काढत तो.

पाहुण्यांना खरं सांगा, नाहीतर मी येऊन सांगते.

आईचे गुडघे कसे आहेत? मी वेळेवर जेवते, म्हणावं.

नोकरी लागली तेव्हा करमाड गावभर पेढे तुम्हीच वाटले होते. तेव्हा काय सांगितलं होतं लोकांना?

तुमचीच,
दुर्बिणीवरची दीपमाला