मागचा भिडू

ता. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

मी धडधाकट आहे, फक्त डोकं फिरलंय. गोदामाच्या रग्बी संघात घेतलंय मला, पंधरांतला एक. चेंडू अंड्यासारखा, उसळून कुठे जाईल ते त्याच्या बापालाही ठाऊक नाही. तो छातीशी धरून पळायचं, समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. इथवर ठीक. पण हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर बाजूला नाहीतर मागे. लाथेने पुढे चालतो, हाताने नाही. हा कसला खेळ?

दिवसभर आम्ही रांगेत उभे राहून पोती पुढच्याकडे फेकतो. हाताला तेच वळण. तीन सामने झाले, तिन्हींत ऐन वेळी मी पुढे फेकला. लगेच शिट्टी. मग आठ-आठ जण खांदे भिडवून रेटारेटी करणार, आणि चेंडू आत टाकायचा मान समोरच्यांना. कप्तान म्हणजे आमचा मुकादमच. म्हणाला, पुढच्या सामन्यात पुन्हा तेच केलंस तर कायमचा बाहेर बस. मग कामही नको मला. बॅग भरून ठेवलीय.

तुझा वैतागलेला,
धाकटा

ता. ९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बॅग भरण्यात तू पटाईत. वर्षातली ही तिसरी. आईला तेवढं वाचून दाखवलं नाही. तुझ्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मी शिवणारी बाई. हाताने टीप घालताना सुई आधी मागे जाते, मग पुढे निघते. नुसती पुढे पळवली की पहिल्या हिसक्याला उसवतं. तुझ्या मागे कोण पळतो? त्याच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. त्याच्याशी बोल. आणि दात सांभाळ.

आशीर्वाद आहेतच,
ताई

ता. १६ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

मागे पळतो तो वजनकाट्यावरचा बुटका. तीन महिने शेजारच्या खाटेवर झोपतोय, आणि मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो. विचारलं तर म्हणाला, दर सामन्यात तुझ्या डाव्या अंगाला बोंबलत असतो, तू ऐकशील तर शपथ.

रविवारच्या सामन्यात रेषा दहा पावलांवर, आणि दोघांनी मला कमरेला धरलं. हात पुढेच निघाले होते. डावीकडून बोंब ऐकली आणि पडता पडता, दात-ओठ खाऊन, चेंडू मागे टाकला. बुटक्याने झेलला, टेकवला. तरी दोन गुणांनी हरलो. वर मुकादम मलाच म्हणतो, हे तीन सामन्यांपूर्वी नाही सुचलं?

तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीवर येऊन बॅग ओढली, तर कपडे गायब. बुटक्याने सगळे खुंटीला टांगलेत, आणि बॅगेत पुढच्या रविवारचे बूट भरलेत. दोघांचे.

चिडलोय अजून. तुझी माया तेवढी आटू देऊ नकोस.

धाकटा