यीत्झनला निळा समुद्र पाहता यावा म्हणून

मी, त्साओ श्युएमेइ, कै. ल्यू देक्वान यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार छिन्बी गाव, बेइगान बेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे सोडले तर माझे सगळे ठीक चालते.

कलम १. दगडी घर आणि टपाल बचतीतली शिल्लक माझी एकुलती मुलगी यीत्झन हिला मिळावी. छपरावरचे धोंडे कुणी हलवू नयेत. वाऱ्यात कौले त्यांच्याच भरवशावर आहेत.

कलम २. तांदळाच्या दारूच्या बरण्या धाकटे दीर देफू यांना. मी कॅमेरा घेतला तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "वहिनी, आंधळ्या नवऱ्यासाठी काळोखाचे फोटो? मग झाकण लावूनच काढा की." ते मी विसरलेले नाही. पण पुढे वाऱ्याला आडवी छत्री धरून तेच माझ्याशेजारी उभे राहत. सबब बरण्या भरलेल्या द्याव्यात.

कलम ३. कॅमेरा व तिपाई यीत्झनला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

माझ्या पतींना दिवसा दिसे, दिवेलागणीनंतर काहीच नाही. वसंतात पाण्यातल्या बारीक जीवांमुळे आमचा समुद्र रात्री निळा उजळतो. जन्मभर काठावर राहून त्यांनी तो पाहिला नव्हता. माझे पहिले फोटो काळेठिक्कर आले. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, भरमसाट वाढवला तर चित्रावर वाळू सांडल्यासारखी दिसे. मग उमगले: भिंगाचे तोंड पुरते उघडायचे, भिंगामागचा पडदा बराच वेळ उघडा ठेवायचा, आयएसओ गरजेपुरताच चढवायचा. डोळा थकतो, कॅमेरा थेंब थेंब उजेड साठवत राहतो.

एका दुपारी त्यांच्या शेवयांच्या वाडग्याशेजारी मी फोटो ठेवला. शेवया निवून गेल्या.

"अगं, हे रोज असतं?"

"रोज नाही. वाऱ्यावर असतं. दक्षिणेचा असला की दिसतं."

"आणि तुम्ही सगळे हे बघून मुकाट्यानं झोपायला जाता?"

गेल्या वसंतात यीत्झन आली होती. सारा गाव किनाऱ्यावर उतरला, ही अंगणातच बसून राहिली. "कंटाळा आलाय," म्हणाली. मग हळूच विचारले, "आई, समुद्र चमकतोय का गं आत्ता?" पाणी तिच्या समोरच निळे होते. मी तिचा हात धरून बसले.

तर पोरी, दिवस असतानाच अंगणात तिपाई रोव आणि समोरच्या कासव बेटावर फोकस हाताने जुळवून ठेव; अंधारात तो कॅमेऱ्याला आपोआप सापडत नाही. बटण दाबताना धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा उशीर लाव. चित्र काळे आले तर पडदा आणखी उघडा ठेव, पांढुरके आले तर आवर. अंधारात किनाऱ्याच्या पायऱ्या उतरू नकोस.

पुरवणी. हा मसुदा मी यीत्झनला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मरेपर्यंत कशाला थांबायचं? आज वारा दक्षिणेचा आहे. तूच शिकव." सबब कलम ३ माझ्या हयातीतच अमलात आले असून, कॅमेरा आज ऊन असतानाच तिच्या ताब्यात दिला आहे.

साक्षीदार: छिउ बाओचू (शेजारीण), यान वेइलुन (शिक्षक)
सही: त्साओ श्युएमेइ
स्थळ: छिन्बी, बेइगान
दिनांक: ९ मे २०२३