बसून म्हटलेलं गाणं

रविवार, संध्याकाळ. भाईंदर पश्चिम

सकाळी लोकगीतं जमवणाऱ्या संस्थेसाठी खारीगावात जनाआजींचं गाणं रेकॉर्ड केलं. मिठागराची जमीन पायांनी तुडवताना बायका म्हणायच्या, ते. त्या उभ्या राहून लादीवर पाय आपटतच गायला लागल्या. धपधप आवाज येत होता म्हणून मीच त्यांना खुर्चीत बसवलं. दुसऱ्या कडव्याला अडल्या. पुढचं आठवेचना. ‘स्मरणशक्ती कमी झालीय’ असं फॉर्मवर लिहून मी दुपारीच संस्थेला पाठवूनही दिलं. एवढी कसली घाई होती मला?

आता रेकॉर्डिंग ऐकतेय. अडल्यावर त्या स्पष्ट म्हणाल्यात, “पाय थांबलं का पुढचं येत न्हाय, बाय.”

हे मी ऐकलंच नव्हतं का?

ऐकलं होतं. लगेच माझाच आवाज आहे, गोड, समजूत घालणारा: “असू दे आजी, वय झालं की होतं असं.”