लाल शाईनं खोडलेलं नाव

मेयो, आयर्लंड

प्रिय लोरेटा,

आधीची दोन पत्रं चुलीत गेली, हेही जाईल.

जमिनीच्या नोंदवहीतलं ते पान ओल लागून गेलं, हे मी खोटं सांगितलं. पान धडधाकट आहे. जमीनदारानं तुझ्या पणज्याला हुसकावलं, तेव्हा ती जमीन कुणीच घ्यायची नाही असं गावानं ठरवलं होतं. नोंदीत त्याचं नाव लाल शाईनं खोडलंय आणि त्याच वर्षी वर माझ्या पणज्याचं लिहिलंय. तुझ्या पणज्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं.

"फिंटनदादा, तुमच्यामुळे निदान जमीन तरी घरात राहिली," असं तू म्हणालीस. मी पाव कापत राहिलो.

आमच्या गोठ्याच्या उंबऱ्यावर तू बुटांचं शेण खरवडलंस ना, तोच तुझ्या पणज्याच्या घराचा उंबरा. तोच शोधत तू बोस्टनहून आली होतीस.

‘तुझा भाऊ’ असं लिहायला हात धजत नाही,
फिंटन